येते म्हणा, मावशी

देवाने घाई नावाची गोष्ट वाटली, तेव्हा आमचे ड्रायव्हरभाऊ बहुधा घोरावाडी स्टेशनबाहेर चहा पीत उभे असावेत. लोणावळ्याहून कुठेही निघायचं म्हणजे आधी ते टायरांवरून हात फिरवणार, मग आरशाशी भांडणार, आणि गाडीतल्या प्रत्येकाने घराकडे बघून ‘येतो’ म्हटल्याशिवाय किल्लीला हात लावणार नाहीत. ‘जातो’ हा शब्द त्यांच्या गाडीत बंद. माझा नवरा एकदा सवयीने ‘चला, जातो’ म्हणाला, तर त्याला उतरवून उंबऱ्यापासून पुन्हा निघायला लावलं. वाटेत देऊळ, मशीद, चर्च, अगदी बेडशाच्या बौद्ध लेण्यांची नुसती पाटी दिसली तरी गाणं बंद आणि हात छातीवर. मी विचारलं तर म्हणाले, “सगळ्यांशी वळख ठेवावी, ताई. कोन कवा कामाला यील, सांगता येत न्हाई.”

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्याला ठरलं. एक डोळा आधीच गेलेला, उरलेल्याची डॉक्टर खात्री देईनात. आई लहानपणी पुण्याच्या कॅम्पात वाढलेली. “माझा कॅम्प एकदा बघून घेते,” एवढंच म्हणाली. भरती दुपारी व्हायचं होतं, म्हणून आम्ही सकाळीच निघालो. भाऊंनी पारशांची अग्यारी, दर्गा, चर्च, प्रत्येकापाशी गाडी उभी करून काच खाली केली. मागचे हॉर्न वाजवून वाजवून दमले. मग आई म्हणाली, “आता लाल देऊळ.”

तिथे पोचल्यावर भाऊ गायब झाले ते नारळ, हार आणि उदबत्त्या घेऊनच उगवले. आता लाल देऊळ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं, म्हणून पुणेकर त्याला देऊळ म्हणतात इतकंच. रखवालदाराने कपाळाला हात लावला. “अहो, इथे नारळ चालत नाही.”

भाऊ ओशाळले. “तुमी देऊळ म्हनालात, मावशी. रिकाम्या हातानं कसं जायाचं?”

आई पदर तोंडाला लावून हसत सुटली. ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून ती हसलीच नव्हती.

हॉस्पिटलच्या दारात उतरताना मात्र आई पुटपुटली, “जाते हं, भाऊ.”

भाऊंनी गाडीचं दार धरून ठेवलं. “येते म्हना, मावशी.”

मागे रिक्षांची रांग लागली. भाऊ ढिम्म. शेवटी आई म्हणाली, “येते.”

डोळा वाचला. त्या नारळाच्या वड्या आईने स्वतः, अगदी निरखून, कापल्या. भाऊंचे माझ्यावर फार उपकार आहेत. तसं म्हणायला गेलं की ते टायर तपासायला उठायचे.

परवा ते निरोप घ्यायला आले. गुडघे गेले, गाडी विकली, आता मुलीकडे मिरजेला राहायचं. चहा झाला. चपला घालताना खाली बघतच म्हणाले, “जातो, मावशी.”

आई उठली आणि दाराची कडी धरून उभी राहिली. “येतो म्हणा.”

बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता. आईला घाई नव्हती.