डॉक्टरांची अट आणि तांब्याभर दूध

मंडळाच्या भित्तीपत्रकासाठी लिहून देतो, असं सांगून मी तुम्हा सगळ्यांना शिमग्यापासून झुलवतोय. कबूल. लिहायला बसलो की खिडकीखालून काहीतरी जातं... कधी बँड, कधी हत्ती, आणि मी त्याच्यामागं.

आज मात्र बसलोय. कारण गेले चार दिवस मला जायला ठिकाणच उरलेलं नाही.

मंडळात नवीन आलेल्यांसाठी सांगतो. मॅट्रिकला पहिल्यांदा बसलो तेव्हा कोल्हापूर संस्थान होतं, पास झालो तेव्हा मुंबई राज्य आलं होतं... तेही थर्ड क्लासात. मधल्या काळात टुरिंग टॉकीजबरोबर हिंडलो, बिद्रीकडं गुऱ्हाळावर राबलो, बेळगावात एका घड्याळजीच्या हाताखाली राहिलो. आता अठ्ठावीस पूर्ण झाली. आणि डोक्यात काय घेतलंय, तर डॉक्टरकी.

हसा. घरातले सगळे हसून झालेत. आई म्हणाली, "आरं, तुज्या बरोबरीच्यांची पोरं शाळंत जाया लागली की!"

पण पेठेतल्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो आणि पहिल्यांदाच एका जागी जीव रमला. माणूस पोट धरून आत येतो, आठवड्यानं हसत जातो. मधे त्याच्या आत नेमकं काय झालं... हे मला जाणून घ्यायचंय. झोप लागत नाही त्यापायी.

आयुर्वेदाच्या कॉलेजात मॅट्रिकवर घेतात म्हणून गेलो, तर माझे मार्क बघून कारकुनानं दारातूनच वाटेला लावलं. प्रिन्सिपल मात्र आमच्या डॉक्टरांचे शाळासोबती निघाले. डॉक्टर पुण्याकडचे, मोजकं बोलणारे.

"दिनकर," ते म्हणाले, "तुझ्या मार्कांची मला काळजी नाही. तुझे पाय एका जागी ठरत नाहीत, त्याची आहे. चैत्र संपेपर्यंत दवाखान्याच्या वेळेत ही खुर्ची सोडायची नाही. जमलं, तर काळा कोट घालून मी स्वतः त्याच्याकडे शब्द टाकायला येईन."

काळा कोट डॉक्टर लग्नालासुद्धा घालत नाहीत. म्हणजे बघा.

आणि मी बसलो! बँड गेला, बसलो. बाजारात माकडवाला आला, बसलो. मग आला सर्जेराव.

सर्जेराव कोडोलीचा पैलवान, इथल्या तालमीत राहतो. जोतिबाच्या यात्रेत त्याची कुस्ती ठरलेली आणि ऐनवेळी पोट बिघडलं. डॉक्टरांनी मिक्श्चर दिलं. सांगितलं, बाकी काही खायचं नाही, भाताची पेज तेवढी घ्यायची. दोन दिवसांनी तो परत, गालफडं बसलेली.

"खाल्लंस काय?"

"कायबी न्हाय, डॉक्टर."

मिक्श्चर बदललं. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "याला आता मिरजेला, मिशनच्या मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल." सर्जेरावनं बाटली उचलली. "म्हंजी कुस्ती गेली की..."

बाटली मुठीत धरून तो बाहेर पडला. तालीम डावीकडं... आणि हा वळला उजवीकडं. उजवीकडं कशाला? एवढाच प्रश्न मनात आला. पुढचं पायांनी केलं.

सर्जेराव थेट दुधाच्या कट्ट्यावर. तिथं म्हशी ओळीनं उभ्या, गवळी समोरच धार काढून तांब्या हातात देतोय.

"काय कंपाउंडर, माजं काय ऱ्हायलं काय तकडं?"

"सर्जेराव, खरं सांगा. तुम्ही काही खाल्लं नाही ना?"

"जोतिबाची आण! शीतबी न्हाय." असं म्हणून त्यानं फेसाळता तांब्या तोंडाला लावला.

गवळी म्हणाला, "उपाशी हाय गडी, म्हून रोज दोन तांबं."

आता गंमत ऐका. मी इथलाच, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. दूध पिणं म्हणजे काय खाणं थोडंच? गवळ्यानं पुढं केला म्हणून एक तांब्या मीही लावला... आणि तिसऱ्या घोटाला थांबलो.

"अहो, मग हे काय आहे?"

"ह्ये? ह्ये दूध हाय की ओ! दूध काय जेवान हाय व्हय?"

कट्टा हसला. मी पळत सुटलो.

दवाखान्यात डॉक्टर स्वतःच बाटल्या भरत होते. बाह्या औषधानं लाल, बाकावर माणसं खोळंबलेली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "आधी मिशी पूस."

पुसली आणि सगळं सांगितलं. ते ऐकतच राहिले.

"म्हशीचं? कच्चं? जुलाबात?"

"दोन तांबे, रोज. भूक लागू नये म्हणून."

"आणि मी त्याला मिरजेला पाठवत होतो..." डॉक्टरांनी हातातल्या बाटलीला बूच लावलं. मग म्हणाले, "त्याला निरोप धाड, दूध बंद. पण अट मोडलीस तू, दिनकर. जा घरी."

निरोप दिला आणि घरी आलो, त्याला चार दिवस झाले.

काल खिडकीखालून सर्जेरावची हाक आली. चेहऱ्यावर तजेला, खांद्यावर लंगोट वाळत टाकलेला. "पोट झ्याक हाय! आन तुमचं डॉक्टर आता येईल त्येला इचारत्यात, खाल्लंस काय ते ऱ्हाऊ दे, पिलास काय ते सांग. निम्म्या पेठंनं माना खाली घातल्या की!"

बरं वाटलं. मग वाईटही वाटलं. खुर्चीत बसून राहिलो असतो तर मला शब्द मिळाला असता, आणि सर्जेराव मिरजेला गेला असता. रात्रभर उलटसुलट करून पाहिलं... पुन्हा तो उजवीकडं वळला, तर मी पुन्हा उठेन. असल्या माणसाला डॉक्टर करतात का, ते मला माहीत नाही. माझ्यावर एवढा काळ भरवसा ठेवला, त्याबद्दल डॉक्टरांचे उपकार मात्र

थांबा. खाली टांगा थांबलाय. आई जिन्यातून ओरडतेय, "दिनकर, सदरा घाल आदी! डॉक्टर आल्यात!"

वाकून बघितलं. चैत्राचं ऊन मी म्हणतंय, घामानं निथळतायत... आणि अंगात काळा कोट.