खाऱ्या टाकीतलं गोडं पाणी

प्रा. हिरेमठ सरांची आणि माझी पहिली भेट भर दुपारी एका अंधाऱ्या खोलीत झाली. १९७१चा जून होता. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या प्रयोगनिर्देशकाच्या जागेसाठी मी मोहोळहून मुलाखतीला आलो होतो. खिडक्यांना ओली गोणपाटं लावलेल्या त्या खोलीत काचेच्या दोन टाक्या होत्या. एकीपुढे मला बसवून सर म्हणाले, "माने, निवांत बघा. मग काय दिसलं ते सांगा."

खडकाला चिकटलेला एक पिवळट गोळा दिसला. मला ती बुरशी वाटली. सरांनी त्याच्याजवळ रंगाचा एक थेंब सोडला. रंग त्या गोळ्याच्या अंगात शिरला आणि थोड्याच वेळात वरच्या भोकातून धुरासारखा बाहेर पडला. डोळे नाहीत, तोंड नाही, आणि तो गोळा, स्पंज नावाचा समुद्रातला जीव, पाणी आत ओढत होता, बाहेर टाकत होता. माझ्या अंगावर काटा आला. "भीती वाटली?" सरांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या एका 'हो'वर नोकरी दिली, असं सर आजही चारचौघांत सांगतात.

कोकणच्या किनाऱ्यावरून जिवंत पोवळी आणि स्पंज एसटीने सोलापुरात आणणारा माणूस म्हणून सरांची पुष्कळ थट्टा झाली. त्यांचा प्रश्न मात्र सरळ होता. समुद्राचं पाणी तापलं, जास्त खारट झालं, तर जागा सोडून पळता न येणाऱ्या या जिवांनी काय करायचं? एका टाकीतलं पाणी ते हळूहळू बदलत. दुसरीतलं जसंच्या तसं राखायचं, म्हणजे तुलना करता येई. आमच्या उन्हाळ्यात पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. म्हणून या दुसऱ्या टाकीत काचेवरच्या रेघेपर्यंत रोज गोडं पाणी घालायचं, हा सरांचा नेम होता.

मग दुष्काळ पडला. नळ कोरडे पडले, तेव्हा सर शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरच्या वाट्याचं पाणी डब्यात भरून आणू लागले. त्यांच्या पत्नी, आम्हा सर्वांच्या अक्का, म्हणायच्या, "आमचे पाहुणे जेवायला येत नाहीत, नुसतं पाणी पितात की!" पण डबा त्याच भरून देत.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात सर आठ दिवसांसाठी किनाऱ्यावर गेले आणि टाक्या माझ्या हवाली केल्या. अक्का रोज डबा पाठवत. माझ्या घरी बारा दिवसांची बाळंतीण होती आणि रांजणात तळ दिसत होता. पहिल्याच दिवशी मी तो डबा घरी नेला. तुलनेच्या टाकीत साठवणीच्या बुधल्यातलं समुद्राचं पाणी ओतलं. समुद्रातल्या जिवांना समुद्राचंच पाणी, यात वाईट काय, अशी मी मनाची समजूत घातली. प्राणिशास्त्राचा पदवीधर असून!

चौथ्या दिवशी स्पंजाजवळ रंग सोडला, तर तो पाण्यात तसाच लोंबकळत राहिला. भोकं मिटली होती. सहाव्या दिवशी तपकिरी पोवळी पांढरी पडू लागली. आमचे शिपाई सिद्धाप्पा दारातूनच मागे फिरले. "सायेब, मड्यागत पांडरी झाल्यात. आन् तरीबी हात हलवत्यात की! मी न्हाय जात आत."

ते खरं होतं. हाडासारख्या पांढऱ्या दगडातून केसाएवढे बारीक हात बाहेर येत, पाण्यात काहीतरी चाचपत आणि परत आत जात. त्या खोलीत नुसता हवेच्या पंपाचा आवाज होता. ते हात मलाच काहीतरी मागत आहेत असं वाटून मी टाकीकडे पाठ करून बसू लागलो.

सर परतले. त्यांनी बोटाचं टोक टाकीत बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. नोकरी गेली, असं मी धरूनच चाललो. सरांनी विचारलं, "घरी कोण कोण आहे?"

"आई, बायको आणि मुलगी. मुलगी तीन आठवड्यांची होईल."

मग सर म्हणाले, "पोवळ्याचा रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा असतो. तेच त्याला अन्न पुरवतं. त्रास झाला की शेवाळ निघून जातं. अंग पारदर्शक, म्हणून आतलं हाड दिसतं. ती मेलेली नाहीत, माने. उपाशी आहेत." आणि अक्कांनी त्या दिवशी पाठवलेला डबा त्यांनी घरी न्यायला माझ्या हातात दिला.

पाणी एकदम बदललं तर तोही धक्काच, म्हणून सरांनी महिनाभर वाटीवाटीने ते पूर्ववत केलं. स्पंज आकसून सुपारीएवढं झालं, पण वाचलं. पोवळ्यांतली दोनच पुन्हा तपकिरी झाली. बाकीची मेली, त्यांच्यावर हिरवा थर चढला. तुलनेची टाकीच बिघडल्यामुळे सरांचा शोधनिबंध कायमचा अपुरा राहिला. नोंदवहीत, सर परतले त्या तारखेखाली, त्यांच्या अक्षरात असं लिहिलं आहे: "मीठ वाढले. चूक माझी. राखणदारालाही तहान असते, हे मी धरले नव्हते."

माझी मुलगी त्या पोवळ्यांच्या वाट्याचं पाणी पिऊन वाढली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सरांनी तर नाहीच नाही. त्यांच्या साठीनिमित्त माझं त्यांच्याकडे एकच मागणं आहे. त्या ओळीतलं 'माझी' खोडून त्यांनी तिथे माझं नाव लिहावं. सर नकार देतील, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी दरवर्षी येऊन हेच मागणार आहे. नकार देण्यासाठी त्यांना ठणठणीत तब्येतीची आणखी चाळीस वर्षं मिळोत.