वर्नाचा एक तरी दगड

कॅनडातल्या टॉर्बेटच्या वेशीवर, धान्याच्या कोठारासमोर, गावाने हौसेने पाटी लावली होती: 'जागतिक कर्लिंगपटू वर्ना प्रोकोपचुक यांचे गाव.' कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड, गुळगुळीत दगड घसरवत पलीकडच्या रंगीत वर्तुळांत नेऊन थांबवायचे. पाटी लावणाऱ्यांना, वाचणाऱ्यांना आणि खुद्द वर्नालाही एक गोष्ट पक्की ठाऊक होती. कॅनडाच्या संघाबरोबर ती तीन देश फिरून आली होती आणि तिन्ही देशांत मिळून तिने सामन्यात एकही दगड सोडला नव्हता.

त्यात तिचा दोष नव्हता. ती पाचवी होती. बर्फावर चौघी खेळतात; पाचवी बाकावर बसते, कोणी आजारी पडली तर हाताशी असावी म्हणून. पण कप्तान कोरिनच्या संघात कोणी आजारीच पडत नसे. "साधी सर्दी म्हणून होत नाही मेल्यांना," वर्ना कुरकुरायची. मग ती केळी वाटायची, जॅकेटं सांभाळायची आणि सामने आटोपून बर्फ मोकळा झाला की सगळे दगड एकेक करून घसरवून बघायची. कोणता आळशी आहे, कोणता शेवटी डावीकडे तोंड फिरवतो, ते कोरिनला सांगायची. सगळा स्वयंपाक आपण चाखून बघावा आणि पंगतीत आपलंच पान मांडलेलं नसावं, तशातली गत.

संधी आली नव्हती असंही नाही. डेन्मार्कमध्ये एका सामन्यात कोरिनचा संघ गुणांत इतका पुढे गेला की तिने सामन्याच्या शेवटच्या फेरीसाठी वर्नाला खूण केली. वर्नाने जॅकेट उतरवलं, दगड पुसला, पाय रोवला. तेवढ्यात समोरची कप्तान हातमोजा काढत आली आणि हसून हात पुढे केला. हरलेला डाव उगाच लांबवून समोरच्याला ताटकळत ठेवू नये, हात मिळवावा आणि मोकळं व्हावं, ही या खेळातली सभ्यता. वर्नाने पाय रोवल्या जागेवरूनच हात मिळवला. पुढे स्वित्झर्लंडमध्ये ती बाकापासून पळत निघाली, जॅकेट वाटेतच टाकलं; तरी हात आधी आला. जपानमध्ये हात आला आणि वर कमरेतून वाकून नमस्कारही.

"माझी बायको आंतरराष्ट्रीय हस्तांदोलनपटू आहे," तिचा नवरा ओरेस्ट गावातल्या बर्फाच्या रिंकच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगायचा.

"तू गप रे," कॅन्टीनवाली डोरीन बटाटा भरलेल्या पिरोगी परतता परतता म्हणायची. "तुला तर कोणी हातही दिला नाही. तिनेच दिला, ती चूक झाली." मग वर्नाकडे वळून, "अगं, एक दगड सोड गं. भिंतीवर आपट हवं तर. पण सोड."

चौथी स्पर्धा स्कॉटलंडला होती आणि ती शेवटची होती. शाळेची बस चालवून चालवून वर्नाचा उजवा गुडघा कामातून गेला होता. आता नाही तर कधीच नाही, हे तिने कोणाला बोलून दाखवलं नाही. गुडघ्याला पट्टा बांधताना तेवढं तोंड वाकडं केलं.

आठवडाभर सगळे सामने अटीतटीचे झाले. पाचवीला कोण विचारतो? तिसऱ्या क्रमांकासाठीचा शेवटचा सामना स्विस बायकांशी पडला आणि त्यात कोरिनच्या संघाचं काहीच जमेना. दोन फेऱ्या उरल्या असताना फळ्यावरचा आकडा असा झाला की शहाण्याने घरी जावं. कोरिन शहाणी होती. हरलेल्या डावात रेंगाळायचं नाही, हे तिला वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं. तिने उजवा हातमोजा काढला. बाकावर वर्नाने निमूट जॅकेटं गोळा करायला घेतली.

कोरिनने तिच्याकडे पाहिलं. मग तिने हातमोजा परत चढवला.

"वर्ना, ये."

"मी? आता?"

"नाही, उद्या. अगं, ये ना!"

वर्ना लंगडत बर्फावर आली. "कोरिन, हरलोय आपण."

"मला दिसतंय. चष्मा तुला लागतो, मला नाही."

"लोक म्हणतील, हिला काही रीत आहे की नाही. तुझे वडील टीव्हीवर बघत असतील."

"बघू देत. मी फोन उचलणार नाही."

स्विस कप्तान उर्सिना अर्धा हात पुढे करून उभी होती. "अजून नाही," कोरिन लाल होत म्हणाली. उर्सिनाने चमकून हात मागे घेतला. प्रेक्षकांत कुजबुज पसरली.

स्विस मुलीचा पहिला दगड गेला आणि मग वर्नाचा. इतक्या वर्षांचा दगड. पण तिने तो इतक्या जपून सोडला की तो पुढे सरकावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ ब्रशने घासून घासून दोघी थकल्या तरी तो पलीकडच्या रेषेपर्यंत पोचला नाही. नियमाने तो बाजूला काढला. दुसऱ्याला, म्हणजे फेरीतल्या तिच्या वाट्याच्या शेवटच्या दगडाला, तिने सगळा राग लावला. तो वर्तुळांमधून कोणाकडेही न बघता सुसाट गेला आणि मागच्या कडेवर धाडकन आपटला.

"आता देऊ का हात?" कोरिनने विचारलं.

"का? बाकीच्यांच्या दगडांपुढे कोण घासणार?" आणि वर्नाने ब्रश उचलला. गुडघा कुरकुरत होता आणि ती त्याच्यावर ओरडत होती. फेरी पूर्ण झाली. कोरिनला एक गुण मिळाला, कशाच्याही उपयोगाचा नसलेला.

आता मात्र हद्द झाली होती. कोरिन हातमोजा ओरबाडत उर्सिनाच्या दिशेने निघाली. पण गुण मिळवणाऱ्याने पुढची फेरी सुरू करायची असते आणि ते वर्नाला तिच्याइतकंच ठाऊक होतं. मागून घसरल्याचा आवाज आला तेव्हा कोरिनने वळून पाहिलं. दगड सुटला होता.

"वर्ना!"

"काय? मला कोणी थांब म्हटलं नाही."

उर्सिनाने कोरिनचा पुढे आलेला हात बघितला, दगड बघितला आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. "थांबा," ती म्हणाली. "दगड चालतोय."

मग दोन्ही संघ नुसते उभे राहिले. ब्रश घासायला कोणी गेलं नाही. दगड आपला आपण चालला, घाई नाही, कोणाचं देणं नाही. शेवटी जरा डावीकडे मान वळवून तो बाहेरच्या निळ्या वर्तुळाच्या काठावर टेकला आणि थांबला. वर्ना अजून गुडघ्यावरच होती, कारण उठता येत नव्हतं.

"आत आहे का गं?" तिने ओरडून विचारलं.

उर्सिना वाकली, नीट पाहिलं. "आत आहे," ती म्हणाली आणि मग तिने कोरिनचा हात हातात घेतला.