पाणी उतरतंय, कन्फर्म

त्या डिसेंबरात आमची तुकडी पूर्व किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार गावात लावली होती. गावाच्या दक्षिणेला रुंद खाडी, खाडीच्या तोंडाशी समुद्र. मी नायब सुभेदार, मूळ गाव बिद्रीजवळ. हाताखाली एक सेक्शन. त्यात लान्स नायक आनंदा कांबळे, कबनूरचा. कोल्हापूरकडचे आम्ही दोघेच. आमचं साधं बोलणंही बाकीच्यांना भांडण वाटायचं.

काम सोपं होतं आणि कंटाळवाणं. हवामान खात्याचा इशारा आला की मेगाफोन घेऊन फिरायचं, माणसं वादळ-निवाऱ्यात आणायची, वादळ सरलं की परत सोडायची. आधीचे दोन इशारे आले तेव्हा वादळ दुसरीकडे वळलं होतं. तिसऱ्या वेळी लोक आमच्याकडे बघून हसले. तरी आले, जाळी, कोंबड्या, टीव्ही घेऊन. आम्हीही थकलो होतो. हे कारण म्हणून सांगत नाही. थकलो होतो, एवढंच.

हा इशारा लाल होता. सोसाट्याचा वारा, समुद्राचं पाणी वस्तीत शिरणार, ऑल क्लिअर मिळेपर्यंत कुणी बाहेर पडायचं नाही. सकाळी उत्तरेचा वारा सुटला. पावसानं समोरचं दिसेना.

आमच्याकडे पुरात एक सवय असते. पाणी गावाला लागलं की काठावर काठी रोवायची. काठी बुडत चालली की गुरं सोडायची, उघडी पडली की आपापल्या कामाला लागायचं. लहानपणापासून मी तेच करत आलो. तिथंही निवाऱ्याच्या पायरीपुढं काठी रोवली.

कांबळे हसला. "साहेब, ही काय पंचगंगा हाय व्हय? समुद्राला काय कळतंय काठीचं?"

"पाणी ते पाणी. तू दोर बघ जा."

दुपारी काठी उघडी पडली. पाणी मागं सरकलं, चिखल दिसला, होड्या टेकल्या. मला हायसं वाटलं. खरं म्हणजे उत्तरेच्या वाऱ्यानं खाडीचं पाणी पलीकडच्या काठाकडं रेटलं होतं. वारा फिरला की ते परत येणार होतं, मागं समुद्र घेऊन. नदीकाठच्या माणसाला हे ठाऊक नसतं. पण वारा फिरेल असं इशाऱ्यात लिहिलं होतं, आणि इशारा मी वाचला होता.

तेवढ्यात सरपंच आला. एक म्हातारा-म्हातारी होडीजवळच्या झोपडीत राहिली होती. मी वायरलेस सेट उचलून मुख्यालयाला हाक दिली.

"टायगर, अल्फा टू. पाणी उतरतंय. दोन सिव्हिलियन बाहेर आहेत. माणूस पाठवतो. ओव्हर."

"अल्फा टू, पाणी उतरतंय, कन्फर्म? ओव्हर."

"कन्फर्म. ओव्हर."

"पाठवा. आउट."

कांबळेनं लाइफ जॅकेट अंगात घातलं होतं. बक्कल लागत नव्हतं. मी म्हणालो, "काढ ते. गुडघाभर पाण्यात कशाला पाहिजे? उरक."

"माझं काय जातंय," तो म्हणाला. "बुडलो तर तुमीच काढा." जॅकेट माझ्या हातात देऊन गेला.

तो झोपडीशी पोचला आणि वारा पडला. मग आग्नेयेकडून उठला. पाणी चढलं नाही, आलं. मी निवाऱ्याच्या गॅलरीतून बघत होतो. त्यानं म्हातारीला होडीत चढवलं, मग म्हाताऱ्याला. होडी उचलली गेली. तो चढत होता तेव्हा लाट आली. अंगात रेनकोट, पायांत गमबूट. होडी निवाऱ्याच्या भिंतीवर आदळली. आम्ही दोर टाकून ओढली. तीत दोघंच होती.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर तो झुडपांत सापडला.

चौकशीत मला विचारलं, जॅकेट का नव्हतं? मी म्हणालो, त्यानं घाईत घातलं नाही. तेच कागदावर गेलं. जॅकेट मी स्टोअरमध्ये जमा केलं. कोरडं होतं.

रिटायर होऊन गावी आलो. कबनूर काही लांब नाही. तरी इतकी वर्षं मी तिकडं फिरकलो नाही. या दिवाळीनंतर गेलो. आनंदाचे वडील यंत्रमागावर उभे होते.

"कोण पावणं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं. "मामा," मी म्हणालो, "जॅकेट त्यानं घातलं होतं. मी काढायला लावलं."

त्यांनी माग बंद केला. शेजारचे चालूच होते.

"परत सांगा."

परत सांगितलं. काठीपासून.

ते तुटलेला धागा शोधत राहिले. सापडला तरी जोडला नाही. मग म्हणाले, "गल्लीत म्या काय ऐकतोय, ठावं हाय? पोरगं आळशी हुतं. जॅकेट घालायचा कटाळा केला. तुमच्या फौजेच्या कागदात बी त्यानंच घातलं न्हाय असं हाय. त्याची आई तेच ऐकत वारली."

मी डोळे पुसायला रुमाल काढला.

"हितं रडू नगा. त्याचा काय उपेग न्हाय. लिवा. चार माणसं वाचतील असं लिवा. त्याचं नाव घालून."

त्यांनी धागा जोडला आणि माग सुरू केला. त्या आवाजात पुढं बोलता येत नव्हतं. मी निघालो.

लान्स नायक आनंदा कांबळे, कबनूर. त्यानं दोन माणसं वाचवली. त्यानं जॅकेट घातलं होतं. मी काढायला लावलं.