अर्धी स्तुती न छापणाऱ्या कुमुदताई

कुमुदताईंची पहिली भेट लखनऊच्या विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत झाली. मराठवाड्यातल्या खेड्यात शिकलेला मी संशोधन-सहायकाची जागा मागायला गेलो होतो. विषय कळला आणि मी गडबडलो. सायकेडेलिक औषधे, म्हणजे मनाची जाणीवच पालटून टाकणारी द्रव्ये, एकेकाळी डॉक्टरांनी वापरली, मग ती बंद पडली. आता जगभर त्यांच्याविषयी पुन्हा आशा जागली आहे. ही आशा कशी परतली, याचा इतिहास ताई लिहीत होत्या.

"ताई, मी माळकरी आहे," मी म्हणालो.

"बरं मग? गोळी तुम्हाला कोण देतंय? लोक तिच्याबद्दल काय सांगतात ते नीट ऐकायचंय. माळ घालून कानाला काही होत नाही ना?"

त्या दिवसापासून मी त्यांच्याबरोबर आहे.

लखनऊतल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात ताईंनी स्वतःची रजई रिक्षातून माझ्या घरी धाडली. "गावची घोंगडी इथे पुरणार नाही," एवढाच फोन. परत करायला गेलो तर दारातूनच पिटाळले.

त्यांचा एक नियम आहे. मुलाखत लिहून झाली की ती त्या माणसाला समोर बसून वाचून दाखवायची. तो म्हणेल ते खोडायचे. लखनऊच्या ‘चौक’ या जुन्या वस्तीत राहणाऱ्या एका वृद्ध मनोविकारतज्ज्ञांच्या बाबतीत या नियमाची कसोटी लागली. तरुणपणी त्यांनी ही औषधे रुग्णांना दिली होती. आता परदेशातले अभ्यासक त्यांना आद्य प्रवर्तक म्हणू लागले होते. मुलाखतीत मात्र त्यांनी एका बाईंविषयी सांगितले होते. त्यांनी दिलेल्या औषधानंतर त्या बाई कधीच पूर्ववत झाल्या नाहीत. जुने प्रयोग केवळ कायद्यामुळे थांबले, असे आज अनेकजण सांगतात. ताईंच्या पुस्तकात त्याला उत्तर होते ते या बाईंची हकिकत, एवढेच.

"परवानगी टेपवर आहे. पुन्हा विचारायला कशाला जायचं?" मी म्हणालो.

"बोलताना माणूस ओघात असतो. ऐकू दे त्यांना."

वाचन संपताच डॉक्टरांचे चिरंजीव उसळले. "मैडम, बाबूजी का नाम अब जाकर हो रहा है, और आप यह सब छापेंगी?"

डॉक्टर हळूच म्हणाले, "कुमुद जी, वह हिस्सा काट दीजिए।"

ताईंनी पेन काढले, तो भाग खोडला आणि पुढची पानेही खोडू लागल्या.

"अरे, यह क्या कर रही हैं?"

"आपने कहा, काट दिया. पर आधी तारीफ़ मैं नहीं छापूँगी, डॉक्टर साहब. जाएगा तो पूरा जाएगा."

कित्येक वर्षांची मेहनत त्यांच्या पेनाखाली होती. हात मात्र थांबला नाही. मी मनात नामस्मरण करत होतो.

अखेर डॉक्टर म्हणाले, "रुकिए. सब रहने दीजिए. और एक बात जोड़िए, दवा से पहले वह महिला अपने पैरों चलकर मेरे पास आई थीं।"

ताईंनी ते वाक्य लिहिले आणि त्यांना पुन्हा वाचून दाखवले.

पुस्तकाचे शेवटचे प्रकरण, आजच्या नव्या प्रयोगांचे, अजून बाकी आहे. पंचाहत्तरीत ताईंची नजर मंदावली आहे, म्हणून आता वाचून मी दाखवतो. खोडणारे पेन मात्र त्यांच्याच हातात असते. या नव्या आशेतून कोणी बरे होतील, कोणाला इजा होईल. त्या दोघांचेही म्हणणे ऐकून घेणारे कोणी हवे. पांडुरंगाने ताईंना त्यासाठी भरपूर आयुष्य द्यावे आणि चौकातले जिने चढण्याइतके बळ त्यांच्या गुडघ्यांत ठेवावे.