आईचं माहेरचं नाव

आक्का माझी थोरली बहीण. लग्न झाल्यापासून ती अमेरिकेत आहे. दोन वर्षांपूर्वी दाजी अचानक गेले, तेव्हा आईला तिच्याकडं जाता आलं नाही. आक्कानं आईला कायमचं नेण्यासाठी अर्ज आधीच केला होता, आणि तो अर्ज पडून असताना पाहुणी म्हणून जायचा व्हिसा नाकारला गेला. जावयाला निरोप आईनं बारामतीत माझ्या घरी बसून फोनवर दिला. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं होतं, मला लेकीकडं पोचवा. आक्का फोनवर जेवले म्हणायची, आणि आईला ते खोटं वाटायचं.

अर्ज अडला तो आईच्या नावावर. आमच्याकडं लग्नात नव्या नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, आणि उठल्यावर पोरगी त्या नावाची. आईचं तसंच झालं. पण पहिलं बाळंतपण माहेरी. आक्का जन्मली तेव्हा आज्यानं, म्हणजे आईच्या वडिलांनी, गावात ग्रामपंचायतीत जाऊन नोंद केली. आईचं नाव विचारल्यावर त्यानं लेकीला हाक मारायचा तेच सांगितलं. त्याच्या तोंडात दुसरं बसलंच नव्हतं. त्यामुळं आक्काच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव, आणि आईच्या पासपोर्टवर तांदळातलं. तिकडच्या कार्यालयाचं पत्र आलं: या दोन बायका एकच आहेत, हे पुराव्यानिशी दाखवा. मुदत तीन महिन्यांच्या आतली होती.

आक्का म्हणाली, इथं या कामाचे वकील असतात, एखादा करू का? पैसे तीच देणार होती. तरी मी नको म्हटलं. मी शाळेच्या कचेरीत क्लार्क. दाखल्यांतल्या नावांच्या दुरुस्त्या करण्यात माझी हयात गेली. मी म्हणालो, आपल्याकडचं नाव कसं बदलतं हे तिकडच्या वकिलाला काय कळणार? त्याला समजावत बसण्यापेक्षा मीच करतो.

आई म्हणाली, मामाला विचार. आज्याबरोबर नोंदीला तो गेला होता. मी गेलो. मामाचं गाव इंदापूर तालुक्यात, कळसच्या पुढं. ऐंशीच्या घरातला माणूस, गुडघे धरलेले, पडवीत बाजेवर बसून पेरू चिरत होता. मी सगळं सांगितलं. तो हसला.

"काय साहेब, आईचं नाव मामाला इचारायची पाळी आली व्हय तुमच्यावर?"

मग त्यानं स्वतःहूनच सांगितलं, की नोंदीच्या दिवशी आज्या इतका खुशीत होता की परतताना चप्पल तिथंच विसरून आला. मी म्हणालो, हे सगळं इंदापूरला नोटरीसमोर सांगावं लागेल, सही करावी लागेल. तो तयार झाला. गुरुवारी गाडी घेऊन ये, म्हणाला.

गुरुवार यायच्या आत मला सोपी वाट सुचली. शाळेत आम्ही नेहमी करतो तीच. दाखल्यात काही जुळलं नाही की पालकाकडून अर्ज घ्यायचा, 'नजरचुकीने चुकीचे नाव लिहिले गेले', आणि नाव बदलून टाकायचं. तसाच अर्ज मी आईच्या वतीनं त्या ग्रामपंचायतीला लिहिला. आईला सही येते, वाचायला चष्मा लागतो. मी तिला वाचून दाखवला नाही. सही कर म्हटलं, तिनं केली. काही आठवड्यांनी आक्काच्या जन्माचा नवा दाखला हातात आला, त्यावर आईचं सासरचं नाव. तो मी आक्काला पाठवला आणि तिनं तिकडं जोडला. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

गुरुवारी मी मामाकडं गेलो नाही. आता गरज नाही, असं त्याला फोन करून सांगायचंही माझ्या ध्यानात राहिलं नाही.

चार महिन्यांनी मामा गेला. दहाव्याला आईला घेऊन गेलो. विधी उरकल्यावर मामीनं मला बाजूला बोलावलं. आवाजात राग नव्हता. "त्या गुरुवारी तुमी येणार म्हून धोतर नेसून बसलं होतं. टोपीबी घातली होती. मी म्हणलं जेवून घ्या, तर म्हणालं, भाचा आला की इंदापुरातच खाऊ." एवढं बोलून ती बायकांत जाऊन बसली. परतीच्या वाटेवर वालचंदनगरचा फाटा मागं पडला तेव्हा आई म्हणाली, "आता मला माहेरच्या नावानं हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाय." मामीचं बोलणं मी तिला सांगितलं नाही.

त्यानंतर दुसरं पत्र आलं. ते पहिल्यापेक्षा कडक होतं. तुम्ही आधी एक दाखला दिलात, आता त्याच जन्माचा दुसरा देता, आणि पहिल्यातलं नाव चूक होतं म्हणता. खुलासा करा, नाहीतर तीस दिवसांनी अर्ज फेटाळू. आक्कानं ते फोनवर आईला मराठीत सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं पाहून विचारलं,

"चूक कशी? माझ्या बापानं ठिवलेलं नाव हाय ते."

मी नुसतं म्हणालो, कागदासाठी तसं लिहावं लागतं.

आक्कानं पुन्हा वकिलाचं काढलं. मी चार दिवस टाळलं. बारामतीच्या कोर्टात माझा एक मित्र वकिली करतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, "बांधाचा वाद असता तर उद्या उभा राहिलो असतो. हे माझं काम नव्हे, आणि गड्या, तुझंपण नव्हे." बायकोनं तर सरळच विचारलं, तुम्हाला नक्की भीती कशाची वाटते? तिला मी म्हणालो, वकील केला म्हणजे आपणच चूक कबूल केल्यासारखं दिसेल. हे खोटं होतं. वकील पहिलाच प्रश्न काय विचारणार ते मला माहीत होतं. जन्माच्या वेळी हजर असलेलं, दोन्ही नावं माहीत असलेलं कुणी आहे का? होतं, तर त्याचा जबाब का नाही घेतला? आणि आई शेजारी बसलेली असणार.

पाचव्या दिवशी आक्काचा फोन आला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "तुला नको असेल तर तसं सांग. मी आईची वाट बघायची सोडून देते." मी म्हणालो, वकील कर.

शनिवारी सकाळी शाळेत जाण्याआधी व्हिडिओ कॉल लागला. वकीलबाई तिकडच्याच, पण हिंदी बोलणाऱ्या. आई पदर नीट करून माझ्याशेजारी बसली. बाईंनी पहिल्या दाखल्यावरचं नाव वाचलं, उच्चार जरा वाकडा, आणि विचारलं, हे तुम्हीच का? आई खुर्चीत सरळ झाली. "व्हय. मीच ती." मामा गेल्यानंतर ते नाव पहिल्यांदाच कुणी उच्चारलं होतं.

मग बाई माझ्याकडं वळल्या. दुरुस्तीचा अर्ज कुणी लिहिला? मी म्हणालो, मी. नाव चूक होतं का? नाही. मग साक्षीदाराचा प्रश्न आला. मी मामाचं सांगितलं. तो तयार होता हे सांगितलं, गुरुवार ठरला होता तेही सांगितलं. आणि मी गेलो नाही, हेही. तो धोतर नेसून बसला होता, हे बाईंना सांगायची गरज नव्हती. पण ते मी मराठीत बोलून गेलो, आणि ते आईसाठीच होतं.

बाई म्हणाल्या, पहिल्या पत्राला तो एक जबाब जोडला असता तर बहुधा भागलं असतं. आता त्या कार्यालयाचा विश्वास उडालाय. प्रयत्न करू, खात्री देत नाही. जे घडलं ते तुम्ही स्वतः, काही न लपवता लिहून पाठवा, खाली आईचीही सही घ्या.

त्याच दिवशी मी ते लिहिलं. ते नाव चूक नव्हतं, चूक माझी होती, असं पहिल्या ओळीत घातलं. या वेळी आईला सगळं वाचून दाखवलं. सही करताना तिनं विचारलं, कुठलं नाव लिहू? बाईंनी सांगितल्याप्रमाणं मी म्हणालो, दोन्ही. माहेरचं लिहायला तिला वेळ लागला. ते तिनं लग्नानंतर कधी लिहिलंच नव्हतं.

खुलासा मुदतीत पोचला. उत्तर अजून आलेलं नाही. आक्का रोज फोन करते, आणि आई तिला रोज विचारते, काय खाल्लंस.

मला तिनं त्या गुरुवारबद्दल एकदाच विचारलं, सही करून कागद माझ्या हातात देताना.

"किती वाजेपतूर बसला हुता त्यो?"

हे मी मामीला विचारलंच नव्हतं.