सरांनी न सांगितलेली पायरी

नेटवाले सर लॅपटॉपला हात लावण्याआधी हात धुवायचे. साबणाने, मनगटापर्यंत. मग रुमालाने एकेक बोट कोरडं करायचे आणि मगच झाकण उघडायचे. आमच्या संघटनेचं कार्यालय पेणला, गणपतीच्या कारखान्याच्या माडीवर. खाली मूर्ती घासायचं काम चालायचं आणि पांढरी पूड जिना चढून वर यायची, अगदी चहातसुद्धा असायची. म्हणून आधी मला वाटलं, सर ती पूड धुतात. पुढे कळलं, रोह्याला स्वतःच्या घरीही ते असेच हात धुतात. "यंत्र आपल्यापेक्षा स्वच्छ असतं," म्हणायचे. "घाण आपण आणतो."

हे वाक्य मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं होतं. आता वाटतं, काय भोळसट होते मी! पत्रकं लिहून लिहून मला सवय लागलीय, पहिल्या ओळीत समोरच्याचं नाव आणि दुसऱ्या ओळीत त्याचा गुन्हा. सरांच्या बाबतीत मला ते जमत नाही. नाव मी घेणार नाही. तुमच्याही तालुक्याला असे एक सर असतीलच. निवृत्त, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं आणि गोरगरिबांच्या प्रत्येक अर्जावर त्यांचंच वळणदार अक्षर. आमच्या सरांनी रोह्याच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं होतं. आठवड्यातून दोनदा ते सकाळच्या गाडीने पेणला यायचे, कुणी न बोलावता. गडबच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची जी वाडी आहे, तिच्या कामाला आम्ही लागलो होतो. जातीचे दाखले, रेशनकार्डं, पेन्शनी, सगळं आता ऑनलाइन. आम्हा पोरांना घोषणा यायच्या. नेट लावायचं म्हटलं की आमची बोबडी वळायची.

लॅपटॉप कुणीतरी देणगी म्हणून टाकलेला. पाट्यासारखा जड, चार्जर काढला की मेलाच. त्याच्या पुढच्या कडेला वायफायचं एक सरकतं बटण होतं. टेबलावर जरा ओढला की ते सरकायचं आणि नेट गुल. आमचे दोन दिवस त्यात गेले होते. सरांनी आल्या आल्या कडेवरून बोट फिरवलं, टक् केलं, दिवा नारिंगीचा निळा झाला. मग हाक मारून माझ्या बाबांना खालून वर बोलावलं. बाबा कारखान्यात मूर्तींचे डोळे आखतात. सर म्हणाले, "इथे लाल टिकली द्या. बटण टिकलीवर असलं की चालू." बाबा ब्रश घेऊन बसले नि म्हणाले, "मास्तर, आजपर्यंत देवाला रंग दिला. आता ह्या डब्यालाबी देवपण द्यायचं का?" सर हसून म्हणाले, "द्या. नवसाला पावतो तोही."

तेव्हापासून सरांचा पहिला प्रश्न ठरलेला. दारात चपला काढताना, फोनवर, एकदा तर तहसील कचेरीच्या रांगेत उभं राहून: "दिवा कुठला लागलाय?" निळा असेल तर पुढे, नारिंगी असेल तर मागे. आधी कडेचं बटण. मग एफएन दाबून धरून अँटेनाचं चित्र असलेलं बटण. मग खालच्या कोपऱ्यातली खूण: लाल फुली असेल तर आजार लॅपटॉपचा, पिवळा त्रिकोण असेल तर राउटरचा. मग राउटरची पिन काढून तीसपर्यंत मोजायचं. मग जुनं नेटवर्क विसरायला लावून नव्याने पासवर्ड द्यायचा. ह्या पायऱ्या मी पाढ्यांसारख्या पाठ केल्या. एकदा सगळं बरोबर असूनही सरकारी पान उघडेना. सरांनी नुसती तारीख दाखवली. आतला सेल संपल्यामुळे लॅपटॉप मी चौथीत होते त्या वर्षात जाऊन बसला होता. "तुझं वय काय आणि ह्याचं काय!" म्हणाले. "ह्याच्या हिशेबाने तू अजून सही करायला लायक नाहीस."

एक गोष्ट मात्र त्यांना बिलकूल चालायची नाही. नेट अडकलं की लॅपटॉप स्वतःच विचारतो, काय बिघडलंय ते शोधू का? ती चौकट आली की सर चिडायचे. "बंद कर ती. त्याला काही कळत नाही. दोष आधी आपल्या बोटात शोधायचा, मग यंत्रात, मग दुनियेत. ह्या क्रमाने जाणारा माणूस फसत नाही." मी त्या क्रमाने जाणारी झाले. दुनियेवर ओरडणं हा माझा धंदा, पण सरांसमोर मी आधी माझं बोट तपासायचे. मला ते मोठं शिक्षण वाटायचं. खरं सांगते, होतंही.

आता तो दिवस. वाडीच्या जागेवर गोदामाला परवानगी द्यावी, असा अर्ज जमीनमालकाने केला होता. वाडी तिथे पणजोबांच्याही आधीपासून आहे, पण सातबारावर वाडीतल्या एकाचंही नाव नाही. हरकत घ्यायची तर ऑनलाइनच, घरागणिक वेगळी, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. ज्याची हरकत नोंदली नाही, त्याचं म्हणणं कुणी ऐकणार नव्हतं. अर्धी वाडी वीटभट्टीवर गेलेली. माणसं गाठून अंगठे घेईपर्यंत शेवटचा दिवस उद्यावर आला. सगळे कागद स्कॅन करून लॅपटॉपमध्ये ठेवले. त्या संध्याकाळी सर मुद्दाम रोह्याहून आले. "उद्या धावपळ नको. एकदा तपासून ठेवतो," म्हणाले. मी चहा आणायला खाली गेले. वर आले तेव्हा लॅपटॉप मिटलेला होता आणि सर बोटं पुसत होते.

सकाळी दहाला उघडला. दिवा नारिंगी.

बटण टिकलीवर होतं. तरी पुढे-मागे केलं. अँटेनाचं बटण दाबलं. तारीख लावली. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. वायफायच्या यादीत आमचं नाव नाही, शेजाऱ्यांचं नाही, कुणाचंच नाही. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉटही त्याला दिसेना. ती शोधू का विचारणारी चौकट आली, मी सवयीने बंद केली. मग सरांना फोन लावला.

"दिवा कुठला लागलाय?"

"नारिंगी, सर."

"घाबरू नकोस. बटण टिकलीवर आहे का बघ. बोटाने बघ, डोळ्यांनी नको."

पाऊण तास ते माझ्याबरोबर होते. एकेक पायरी, त्याच शांत आवाजात. राउटरची पिन काढायला लावली आणि म्हणाले, "मोज. सावकाश." मी मोजायला लागले तर पलीकडून तेही माझ्याबरोबर मोजत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मला तेव्हा केवढा धीर आला होता! मी म्हटलं, "सर, पेन ड्राइव्हवर घेऊन सायबरमध्ये जाऊ का?" तर म्हणाले, "लोकांचे अंगठे परक्या यंत्रात घालणार तू? हे शिकवलं मी तुला?" माझी मलाच लाज वाटली. मी पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात केली. माझ्या बोटापासून.

दुपारभर तेच करत राहिले. चार वाजून गेल्यावर बाबा वर आले. माझं तोंड बघितलं नि म्हणाले, "अगं, डोळा साधत नसला तर आपण मूर्ती दुसऱ्याच्या हातात देतो. रडत नाय बसत. ऊठ." मी पेन ड्राइव्ह घेऊन धावले. सायबरमध्ये दोन माणसं माझ्या पुढे. चार हरकती गेल्या. पाचवी अर्ध्यावर असताना पाच वाजले आणि पान बंद झालं. बुधीआयची हरकत, जिच्या घरापासून वाडी सुरू होते तिची, राहिलेल्यांत होती.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन एसटी स्टँडाजवळ निलोफरकडे गेले. ती माझ्या वर्गातली, आता दुरुस्तीचं दुकान चालवते. तिने हातही धुतले नाहीत. वडापाव बाजूला ठेवला, कसलीशी यादी उघडली आणि दोन मिनिटांत म्हणाली, "अगं, हे तर कुणीतरी बंद करून ठेवलंय."

"आपोआप झालं असेल."

"बिघडलं की पिवळी खूण येते. हा बाण बघ, खाली तोंड केलेला. ह्या यादीत शिरायचं, वायफायच्या नावावर जायचं, बंद कर म्हणायचं. मग हा विचारतो, नक्की बंद करू का? त्याला कुणीतरी हो म्हटलंय." तिने तिथेच चालू केलं. दिवा निळा झाला. "शोधून दे म्हटलं असतंस तर त्यानेच सांगितलं असतं गं. त्या चौकटीला विचारलं नाहीस?"

तशीच गाडी पकडून रोह्याला गेले. सरांचं घर कुंडलिकेच्या बाजूला. काकूंनी दार उघडलं, "अगोबाई, तू? ये ये, चहा टाकते." आत सोप्यात एक माणूस कागद पसरून बसला होता. त्याला मी वाडीत मोजणीच्या दिवशी पाहिलं होतं. जमीनमालक म्हणून त्याचंच नाव मी स्वतःच्या हाताने प्रत्येक हरकतीत टाकलं होतं. तो आतल्या दाराकडे बघून म्हणाला, "भाऊजी, कुणी मुलगी आलीय तुमच्याकडे."

काकूंचा सख्खा भाऊ. आडनाव वेगळं, गाव वेगळं, म्हणून सातबारा शंभर वेळा वाचूनही मला काही कळलं नाही. आणि सर प्रत्येक वेळी माझ्या शेजारी बसून तो सातबारा वाचत होते!

सर बाहेर आले. मी लॅपटॉप उघडून तो निळा दिवा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी कडेच्या लाल टिकलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी काही खोडलं नाही. कागद सगळे आत जसेच्या तसे आहेत."

"तुम्ही माझ्याबरोबर तीसपर्यंत मोजलंत, सर."

"मला वाटलं होतं, तू शोधशील. शोधलं असतंस तर मी सुटलो असतो."

"ती पायरी तुम्ही मला कधी दाखवलीच नाहीत."

"नाही," ते म्हणाले. "सुरुवातीला राहून गेली. नंतर दाखवली नाही." मेव्हणा मध्येच म्हणाला, "अहो, घरच्यांचं बघायचं नाय का माणसाने?" सरांनी त्याला गप्प केलं. निदान तेवढं केलं. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला होता. चहा आलाच नाही. मी निघाले तेव्हा ते अंगणापर्यंत आले आणि म्हणाले, "अपिलाला मुदत आहे. कलम मी सांगतो." मी म्हटलं, "शोधीन मी." त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.

मला ह्याचा राग नाही की ते मेव्हण्याच्या बाजूने गेले. जायचं होतं तर उघड जायचं, समोर खुर्ची टाकून बसायचं. मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं, त्यांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढल्या असत्या. त्यांनी मला दिवसभर माझ्याच बोटावर संशय घ्यायला लावलं, ह्याचा राग आहे. आणि सगळ्यात जास्त राग ह्याचा की आजही कुणाचं नेट अडकलं की माझ्या तोंडून त्यांचाच प्रश्न निघतो, त्यांच्याच सुरात, आणि उत्तर बरोबर येतं.

वाडीत मी पंधरा दिवस गेले नाही. काय तोंड दाखवणार? पण अपिलाला पुन्हा अंगठे लागणार होते. गेले तेव्हा बुधीआय ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

"नेटमास्तर नाय आला गो? बरा हाय ना?"

मी सगळं सांगितलं. बटण, बाण, मेव्हणा, पाच वाजले तो क्षण. वाटलं होतं ती शिव्या देईल. तिने दोन शेंगा सोलल्या आणि म्हणाली, "त्याचा मेवना मालक हाय, ते आमाला ठावं व्हतं."

"ठाऊक होतं? मग मला का नाही सांगितलंत, आय?"

"त्याची बायको पोर व्हती तवा ह्याच अंगनात खेलायची. वाडीत समद्यांना ठावं. आमाला वाटलं, म्हनून तर तो येतो. आपल्या मानसांचं पाप फेडाया. आन तू शिकलेली. तुला ठावं नसंल, आसं कसं वाटंल गो?"

मी अपिलाचे कागद काढले, शाईचा पॅड उघडला, तिच्यासमोर ठेवला. तिने सूप बाजूला केलं, हात पदराला पुसले आणि माझ्या तोंडाकडे नीट बघून विचारलं, "आता तू सांग. तुजं कोन हाय त्या गोदामवाल्यांत?"

"कुणी नाय, आय."

"लांबचं? मामा, आत्या, कोन?"

"कुणीच नाय."

तिने पॅडचं झाकण लावलं आणि माझ्याकडे सरकवलं. "आदी वाच. पयल्यापासून वाच. समदं आइकते, मंग बगू." आत हाक मारून तिने सुनेला बोलावलं, समोरच्या घरातल्या दोघींना बोलावलं. चौघी माझ्यासमोर बसल्या. मी पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागले.